परक्या बर्फावर आपलं ड्रिंक: आंतरराष्ट्रीय कॉकटेल स्पर्धेची तयारी

स्पर्धेच्या दिवशी बर्फ तुमचा नसतो, लिंबं तुमची नसतात, ओट्याची उंची तुमच्या हाताला बसलेली नसते आणि घड्याळ तर कुणाचंच नसतं. आपल्या बारमध्ये रोज वाखाणलं जाणारं ड्रिंक परक्या शहरात पाणचट किंवा आंबट का लागतं, याचं उत्तर बहुतेक वेळा या चार गोष्टींत सापडतं. म्हणून पुढची सगळी तयारी एकाच प्रश्नाभोवती मांडली आहे: हेच ड्रिंक अनोळखी ओट्यावर, ओल्या बर्फावर, सात मिनिटांत, पाच वेळा एकसारखं बनेल का? 'नाही' असं उत्तर आलं तर रेसिपी बदलायची. मग ती कितीही देखणी असो.

आधी स्पर्धा ओळखा

सगळ्या स्पर्धा एका मापाच्या नसतात. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशन, म्हणजे आयबीए, ही संस्था २४ फेब्रुवारी १९५१ रोजी इंग्लंडमधल्या टॉर्की गावी स्थापन झाली. तिची जागतिक स्पर्धा देशोदेशींच्या बारटेंडर-संघटनांमार्फत होते. २०२२ मध्ये क्युबातल्या वारादेरोला आणि २०२३ मध्ये रोमला झाली. तिथे क्लासिक आणि फ्लेअर असे दोन वेगळे विभाग असतात. फ्लेअर म्हणजे बाटल्या-शेकर उडवण्याची कसरत. तो स्वतंत्र विषय आहे, या लेखात तो नाही. क्लासिक विभागात एका रेसिपीचे अनेक एकसारखे ग्लास ठरलेल्या वेळात भरावे लागतात. घटकांची संख्या आणि मद्याचं एकूण माप यांवर कडक मर्यादा असते.

डियाजिओ या मद्यकंपनीची वर्ल्ड क्लास ही स्पर्धा २००९ मध्ये सुरू झाली. तिची २०११ ची अंतिम फेरी नवी दिल्लीत झाली आणि जपानचे मानाबू ओताके जिंकले. पुढे केपटाउन, मायामी, मेक्सिको सिटी, बर्लिन, ग्लासगो, सिडनी, साओ पावलो, शांघाय असा तिचा प्रवास झाला. २०१६ ला फ्रान्सच्या जेनिफर ल नेशे, २०१७ ला कॅनडाच्या केटलिन स्ट्युअर्ट आणि २०१९ ला सिंगापूरच्या बॅनी कांग विजेत्या ठरल्या. इथे एकाच ड्रिंकवर भागत नाही. अनेक दिवस वेगवेगळी आव्हानं येतात: एका ब्रँडवरचं ड्रिंक, खाद्यपदार्थाशी जोडी, घड्याळाशी शर्यत, चवीची पारख. एका आव्हानात अव्वल आणि बाकीच्यांत ढिला असा स्पर्धक मागे पडतो.

तिसरा प्रकार म्हणजे ब्रँडच्या 'नवा क्लासिक शोधा' छापाच्या स्पर्धा. इथे जगातल्या कुठल्याही बारमध्ये बनू शकेल असं साधं ड्रिंक हवं असतं. तीन दिवस भिजवून, दोनदा गाळून केलेला अर्क इथे उलट अंगाशी येतो.

नियमपुस्तिका पेनाने वाचा

रेसिपी सुचण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका छापून घ्या. गेल्या वर्षीची नको, मित्राकडची तर नकोच. वाचताना या गोष्टी वहीत काढा: जास्तीत जास्त किती घटक, आणि त्यात बिटर्सचे (कडवट अर्काचे) थेंब व गार्निश (सजावट) धरलंय का, मद्य एकूण किती मिलि चालतं, घरी केलेलं सिरप, टिंक्चर (मद्यात उतरवलेला तीव्र अर्क), इन्फ्युजन (एखादा घटक भिजवून चव उतरवलेलं मद्य) चालतं की सीलबंद बाटलीच हवी, कुठल्या ब्रँडची मद्यं वापरणं सक्तीचं आणि कुठली बाद, किती ग्लास, तयारीला किती वेळ, सादरीकरणाला किती, वेळ संपल्यावर गुण कापतात की थेट थांबवतात.

यांतला 'घटक मोजण्याचा' नियम सगळ्यांत जास्त जणांना पाडतो. मिठाच्या पाण्याचे दोन थेंब हा घटक आहे का? ग्लासात फवारलेला अर्क? काचेच्या कडेला लावलेलं मीठ? शंका असेल तर आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तराची प्रत सोबत ठेवा.

मग गुणपत्रिका. चव-समतोल, सुगंध, दिसणं, तंत्र, सादरीकरण असे रकाने असतात. समजा १०० पैकी चव-सुगंधाला ५० आणि सादरीकरणाला १५ असतील, तर सरावाचे तासही साधारण त्याच प्रमाणात वाटा. बरेच जण उलटं करतात. भाषण महिनाभर घोकतात आणि रेसिपीचं शेवटचं माप आदल्या रात्री बदलतात.

रेसिपी: एक उदाहरण हिशेबासकट

परदेशी परीक्षकांसमोर आपल्या मातीतला घटक नेणं हा चांगला विचार आहे, पण प्रत्येक घटकाची एक खोड असते आणि ती आधी माहीत हवी. कोकणातला माणूस आधी कोकमाच्या आगळाकडे हात नेईल. आगळात मीठ असतं, आणि किती ते करणाऱ्याच्या हातावर. दोन बाटल्या एकसारख्या नसतात. त्यामुळे स्पर्धेसाठी बिनमिठाची वाळलेली कोकमं आणा आणि मीठ स्वतः मोजून घाला. दुसरी खोड रंगाची. कोकमाचा लाल रंग आम्लात टिकतो. त्यात खायच्या सोड्यासारखं काही अल्कली पडलं की तो जांभळट-मळकट होतो. वर सोडावॉटर ओतायचं असेल तर त्या बाटलीवर सोडियम बायकार्बोनेट लिहिलंय का ते बघा.

गोव्याचा उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांचं मद्य, तर स्पर्धेसाठी विसराच. तो मार्च ते मेच्या हंगामातला, एकदाच ऊर्ध्वपातन केलेला आणि न टिकणारा. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे आणि तिची कहाणी सांगण्यासारखी आहे. पण ब्रँडच्या स्पर्धेत दुसरं मद्य चालतं का हे आधी तपासा. फेणीचा वास इतका पुढे येतो की १० मिलिच्या वर गेलात तर यजमान ब्रँडची जिन शोधावी लागेल. गोव्यातून महाराष्ट्रात बाटल्या आणायला परवाना लागतो हेही लक्षात असू द्या.

आता उदाहरण. कोकम-कॉर्डियल, म्हणजे कोकमाचं गोड-आंबट सिरप, असं करा:

१. बिनमिठाची वाळलेली कोकमं ६० ग्रॅम, ७० अंश सेल्सिअसच्या ५०० ग्रॅम पाण्यात दोन तास झाकून ठेवा. उकळू नका, तुरटपणा उतरतो.
२. मलमलीतून गाळा. हलकंच दाबा, पिळू नका.
३. गाळलेला रस वजन करा आणि तेवढ्याच वजनाची साखर त्यात विरघळवा. गुळाचा मोह टाळा. दर ढेपेचा रंग आणि खारटपणा वेगळा असतो, आणि पाच ग्लास पाच रंगांचे दिसतात.
४. तयार कॉर्डियलच्या दर किलोमागे २० ग्रॅम सायट्रिक आणि १० ग्रॅम मॅलिक आम्ल घाला.

चौथी पायरी का? लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के आम्ल असतं: ४ सायट्रिक, २ मॅलिक. डाइकिरीसारख्या रम-लिंबू-साखरेच्या ड्रिंकमध्ये २२ मिलि रस पडतो, म्हणजे सुमारे १.३ ग्रॅम आम्ल. कोकमाचा काढा जिभेला आंबट लागला तरी साखर घातल्यावर त्यात इतकं आम्ल उरत नाही, ड्रिंक सरबतासारखं गोडसर बसतं. वरून आम्ल घातलं की २५ मिलि कॉर्डियलमध्ये गोड आणि आंबट दोन्ही सोबत येतात आणि ताज्या लिंबावरची भिस्त संपते. परक्या ओट्यावर हा मोठा फायदा आहे, कारण तिथली लिंबं कशी असतील ते तुमच्या हातात नाही.

ड्रिंक: जिन ५० मिलि, कोकम-कॉर्डियल २५ मिलि, फिनो शेरी (कोरडी स्पॅनिश वाइन) १५ मिलि, तिरफळाचं टिंक्चर ३ थेंब, मिठाचं पाणी २ थेंब. मिठाचं पाणी म्हणजे २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात. टिंक्चरसाठी तिरफळाची फक्त टरफलं घ्या; आतली काळी बी कडू असते, मासे करणाऱ्या कुठल्याही घरात ती फेकूनच देतात. ५ ग्रॅम टरफलं १०० मिलि व्होडकात, दर सहा तासांनी चव बघत, जास्तीत जास्त एक दिवस.

आता कस, म्हणजे अल्कोहोलची टक्केवारी, मोजा. जिन ४२.८ टक्के धरली तर ५० मिलित २१.४ मिलि अल्कोहोल. १५ टक्के शेरीतून २.२५ मिलि. एकूण २३.६५. बर्फ पडण्याआधी ड्रिंक ९० मिलि. चांगल्या बर्फावर शेक केलं की साधारण निम्म्याने वाढून १३५ मिलि होतं. म्हणजे कस १७.५ टक्के. शेक केलेल्या ड्रिंकला १५ ते २० टक्के हा पट्टा चांगला, ढवळलेल्याला त्याहून वर, २१ ते २९.

इथे एक सापळा आहे. भारतात बहुतेक बाटल्या ४२.८ टक्क्यांच्या असतात; परदेशात तेच लेबल ४० टक्क्यांचं किंवा ४७ च्या घरातलं मिळू शकतं. वरच्या ड्रिंकमध्ये ४० टक्क्यांची जिन गेली तर कस साडेसोळावर येतो, ४७.३ ची गेली तर १९ च्या पुढे जातो आणि गोडवा मागे पडतो. आयोजक कुठल्या कसाची बाटली देणार हे विचारा आणि सराव त्याच बाटलीवर करा.

बर्फ

याच भागावर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण याचा सराव सगळ्यांत कमी जण करतात.

डीप फ्रीझरमधून नुकताच काढलेला टणक बर्फ कोरडा असतो. बर्फ-मशीनमधल्या पोकळ तुकड्यांचा पृष्ठभाग जास्त, आणि त्यावर आधीच पाण्याचा थर. बादलीत वीस मिनिटं उघडा पडलेला बर्फ तर निम्मा पाण्यात पोहत असतो. ड्रिंक तिन्हींत थंड होतं. फरक असतो तो चिकटून आलेल्या पाण्याचा: ते थंडावा फारसा देत नाही, पातळपणा मात्र पुरता देतं.

घरी ही चाचणी करा. शेकरात घटक मोजताना एकूण वजन लिहा. शेक करून गाळलेल्या ड्रिंकचं वजन घ्या. फरक म्हणजे मिसळलेलं पाणी. शेकरला ३-४ ग्रॅम चिकटून राहतं तेवढं सोडून द्या. तिन्ही बर्फांवर, प्रत्येकी पाच वेळा, दहा सेकंद शेक करून आकडे मांडा. कोरड्या बर्फावर ४५ ग्रॅम आणि ओल्यावर ६५ असा फरक दिसला तर घाबरू नका. हा फरक सावरता येतो.

उपाय एक: शेकरात बर्फ टाका, वरून गाळणी धरून साचलेलं पाणी झटकून टाका आणि मगच ड्रिंक ओता. तीन सेकंद जातात, पण निम्मा फरक इथेच भरून येतो. उपाय दोन: बर्फ जास्त भरा. कमी बर्फ जास्त वितळतो, हे नवशिक्याला उलटं वाटतं. उपाय तीन: रेसिपीची एक 'ओली आवृत्ती' आधीच ठरवून ठेवा, जिच्यात मद्य ५ मिलि जास्त आणि कॉर्डियल २-३ मिलि जास्त असेल. नियमांत मापाची मर्यादा असेल तर मूळ रेसिपी मर्यादेच्या ५ मिलि खालीच बांधा. आणि रेसिपी लेखी देऊन तीच बनवायची सक्ती असेल तर ही आवृत्ती वापरता येत नाही. मग पहिल्या दोन उपायांवरच भागवा.

शेक करताना दहा-बारा सेकंदांनंतर फारसं काही बदलत नाही. ड्रिंक उणे ५ अंशांच्या आसपास पोचलेलं असतं. वीस सेकंद शेक केल्याने परीक्षकांवर छाप पडत नाही, खांदे तेवढे दुखतात. ढवळण्याचं तसं नाही. ती क्रिया सावकाश चालते आणि प्रत्येक सेकंद मोजला जातो. म्हणून ढवळायचं ड्रिंक असेल तर सेकंदांपेक्षा फेऱ्या मोजा आणि मिक्सिंग ग्लास आधी बर्फाने गार करून ठेवा. खोलीच्या तापमानाचा जाड काचेचा ग्लास पहिल्या ड्रिंकमधला बराच बर्फ वितळवतो. पाचपैकी पहिलाच ग्लास पातळ लागला, तर कारण बहुधा हेच.

सर्व्ह करायला स्वच्छ पारदर्शक ठोकळा हवा असेल तर आयोजक देतात का ते विचारा. हॉटेलच्या खोलीत तो बनत नाही. एका बाजूनेच गोठवायला थर्मल डबा, फ्रीझरमध्ये जागा आणि एक पूर्ण दिवस लागतो. ठोकळ्याशिवाय उभं राहील असं ड्रिंक आखणं शहाणपणाचं.

रस, अंडं आणि गाळण

ताजं लिंबू वापरणारच असाल तर ते सादरीकरणाच्या तीन-चार तासांच्या आत पिळा आणि गाळून गार ठेवा. तिथली लिंबं मोठी, पातळ रसाची निघाली तर चव बघून सायट्रिकची चिमूट घाला. संत्र्याच्या रसाला लिंबाइतकं आंबट करायचं असेल तर लिटरमागे ३२ ग्रॅम सायट्रिक आणि २० ग्रॅम मॅलिक हे माप बसतं.

दुधाने नितळ केलेलं ड्रिंक सुरेख दिसतं आणि आधी करून ठेवता येतं. चार भाग आंबट ड्रिंक, एक भाग दूध. ड्रिंक दुधात ओता. दूध ड्रिंकमध्ये ओतलं तर फाटण बारीक पडते आणि गढूळपणा राहतो. पहिला गढूळ निथळ परत त्याच फाटणीवरून जाऊ द्या. दुधाची ऍलर्जी जाहीर करावी लागेल हे मात्र विसरू नका.

रस नितळ करायला अगर-अगर (चायना ग्रासची पूड) वापरा. लिटरला २ ग्रॅम. सगळा रस तापवू नका. पाव भाग पाणी किंवा रस घेऊन त्यात अगर दोन मिनिटं उकळा, मग उरलेला रस त्यात हळूहळू सोडा, बर्फात ठेवून सैल दह्यासारखं जमू द्या आणि मलमलीतून निथळू द्या. दाबलं की गढूळ. घाई झाली की हमखास दाबलं जातं.

अंड्याचा पांढरा भाग: आधी बर्फाशिवाय शेक, मग बर्फावर. फेसावर ओलसर वास येतो, म्हणून वर बिटर्सचे थेंब किंवा लिंबाच्या सालीचं तेल. परीक्षकांपुढे कच्चं अंडं चालतं का हे आधी विचारा.

विष, ऍलर्जी आणि हौस

हे थोडक्यात पण नीट वाचा. कण्हेरीचं फूल गार्निश म्हणून कधीही नको. ते विषारी आहे, आणि दिसायला सुंदर असल्यानेच धोकादायक. फुलवाल्याकडची कुठलीच फुलं ग्लासात घालू नका. त्यांवर कीटकनाशकं मारलेली असतात. तंबाखूचं इन्फ्युजन जिवावर बेतू शकतं. सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन घरी मोजून काढता येत नाही. टॉनिकचं सिरप विकतचंच घ्या. टोंका बी (व्हॅनिलासारख्या वासाची) अमेरिकेत खाद्यपदार्थात चालत नाही. द्रव नायट्रोजन पूर्ण उडून जाण्याआधी ग्लास माणसाच्या हातात गेला तर पोटाला छिद्र पडू शकतं. आम्ल असलेलं ड्रिंक अस्तर नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. परीक्षकांत या क्षेत्रातले जाणकार बसलेले असतात. असुरक्षित घटक दिसला की चव कितीही चांगली असो, ग्लास ओठाला लागत नाही.

घड्याळाशी शर्यत

वेगाच्या फेरीत हात जलद चालवण्यापेक्षा क्रम बरोबर लावणं महत्त्वाचं. आयबीएच्या मापांनी पाच ड्रिंक्सचा संच घेऊन सराव करा: निग्रोनी (जिन, कॅम्पारी हे कडवट मद्य, गोड व्हर्मुथ ही वनौषधींची वाइन, प्रत्येकी ३० मिलि), मॅनहॅटन (राय व्हिस्की ५०, गोड व्हर्मुथ २०, बिटर्सचा एक डॅश), डाइकिरी (रम ६०, लिंबाचा रस २०, साखर दोन बारस्पून, म्हणजे बारचे लांब दांड्याचे चमचे), व्हिस्की सावर (बर्बन व्हिस्की ४५, पिवळ्या लिंबाचा म्हणजे लेमनचा रस २५, साखर-सिरप २०, अंड्याचा पांढरा भाग २०) आणि एक सोड्याचं लांब ड्रिंक.

१. ग्लास ओळीने मांडा, त्यांत गार करायला बर्फ. शेकर आणि मिक्सिंग ग्लास आपल्यासमोर, त्याच क्रमाने.
२. आंबट रस एका दमात सगळ्या शेकरांत. मग साखर. जिगर (मापाचा पेला) एकाच बाटलीवरून फिरला की वेळ वाचतो. स्वस्त घटक आधी, महाग मद्य शेवटी. चूक झाली तर ओतून द्यायला पंधरा रुपयांचा रस बरा.
३. व्हर्मुथची बाटली एकदाच उचला: ३० निग्रोनीत, २० मॅनहॅटनमध्ये.
४. मद्यं. बर्फ अजून कुठल्याच ड्रिंकमध्ये नाही. बर्फ पडला की घड्याळ वितळायला लागतं.
५. अंड्याचा बर्फाविना शेक इथे उरकून घ्या.
६. मॅनहॅटनला बर्फ, ढवळा. निग्रोनी सरळ ग्लासात बर्फावर. ही दोन थोडा वेळ वाट बघू शकतात.
७. डाइकिरी आणि सावर, दोन हातांत दोन शेकर. गाळा.
८. सोडा सगळ्यांत शेवटी. मग सजावट डावीकडून उजवीकडे.

पाण्याने भरलेल्या, खरी लेबलं लावलेल्या बाटल्यांवर हा सराव रोज करता येतो. महाराष्ट्रात घरी मद्य बाळगायला परवाना लागतो, त्या दृष्टीनेही पाणीच बरं. चवीचा सराव वेगळा, बारमध्ये, आणि घोट थुंकून. एका बैठकीत पंधरा ग्लास गिळून कुणाचीही जीभ शुद्धीवर राहत नाही.

जिगर तपासा: काट्यावर ३० मिलि पाणी ३० ग्रॅम भरायला हवं. स्वस्त जिगरमध्ये दोन-तीन ग्रॅमची चूक सर्रास सापडते. पाच ग्लासांतली पातळी फोनने समोरून फोटो काढून पडताळा. परीक्षकाची नजर तिथेच जाते.

बोलणं

सात मिनिटांच्या सादरीकरणात पहिलं ड्रिंक दीड मिनिटाच्या आत सुरू व्हायला हवं. संहिता तीन भागांत लिहा: हे ड्रिंक काय आहे, यातला मुख्य घटक का, आणि पिताना काय शोधायचं. मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्दांवर जाऊ नका. मराठी माणूस इंग्रजीत घाबरला की भरभर बोलतो, आणि दुभाषा असेल तर तो मागे राहतो. कोकम म्हणजे काय हे एका वाक्यात सांगा: 'आमच्या किनारपट्टीवर उन्हाळ्यात प्यायलं जाणारं आंबट लाल फळ.' आजीच्या स्वयंपाकघराची आठवण प्रत्येक दुसरा स्पर्धक सांगतो. तुमची खरोखर वेगळी नसेल तर गाळा. ब्रँडचा इतिहास ब्रँडच्याच माणसाला सांगण्यात वेळ घालवू नका.

शेक करताना बोलू नका, ऐकू जात नाही. ते दहा सेकंद गप्प राहण्यासाठीच राखून ठेवा. मोजताना परीक्षकाच्या डोळ्यांत बघून बोलायची हौस असेल तर जिगर ओसंडतो आणि सांडलेल्या प्रत्येक थेंबाचे गुण जातात. वाक्य संपवा, मग मोजा. आडव्या प्रश्नांची तयारी हवी: 'शेरी का, व्हर्मुथ का नाही?', 'हे माझ्या बारमध्ये कोकमाशिवाय कसं करू?' दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर नवा क्लासिक शोधणाऱ्या स्पर्धेत तुम्ही तिथेच संपलात.

सामान आणि विमान

२४ ते ७० टक्के कसाचं मद्य चेक-इन सामानात माणशी ५ लिटरपर्यंत चालतं, पण मूळ विक्रीच्या सीलबंद पॅकिंगमध्ये. म्हणजे घरी केलेलं इन्फ्युजन पाण्याच्या बाटलीत भरून नेणं नियमात बसत नाही. ७० टक्क्यांच्या वरचं मद्य अजिबात नाही. टिंक्चर तिथे पोचून, तिथल्या व्होडकात करा; टरफलं सोबत न्या. अर्थात तीही सगळीकडे नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड वनस्पती, बिया, मध, दुधाचे पदार्थ यांबाबत फार कडक आहेत. प्रवेशाच्या अर्जावर सगळं जाहीर करा, लपवलेलं सापडलं तर दंड होतो. वाळलेली कोकमं दुकानाच्या सीलबंद, लेबल असलेल्या पाकिटात न्या. सायट्रिक-मॅलिकची पांढरी पूड सुट्या पिशवीत कधीच नको, मूळ डब्यातच हवी. सायफनची (गॅस भरून सोडा किंवा फेस करायच्या बाटलीची) गॅस-काडतुसं आयोजकांकडून मागा.

कॉर्डियल तिथेच करायचं ठरवा आणि त्यासाठी एक दिवस आधी पोचा. सोबत ०.१ ग्रॅमचा काटा, रिफ्रॅक्टोमीटर (साखरेचं प्रमाण मोजायचं उपकरण), थर्मामीटर, मलमल, चिकटपट्टी आणि मार्कर. समान वजनाचं साधं सिरप रिफ्रॅक्टोमीटरवर ५० दाखवतं. काटा बिघडला तरी या आकड्यावरून सावरता येतं. शेकर, गाळणी, जिगर, सालकाढणी प्रत्येकी दोन, आणि एक संच हातातल्या पिशवीत. चाकू आणि सालकाढणी मात्र चेक-इनमध्येच. ग्लास तुमचे असतील तर पाच लागत असताना सात न्या.

त्या दिवशी

ओटा ताब्यात मिळाला की पहिली दोन मिनिटं फक्त बर्फ बघा: हातात घ्या, ओला की कोरडा, पोकळ की भरीव. त्यावरून पाणी झटकायचं की नाही ते ठरवा. मग तिथल्या बाटलीवरचा कस वाचा. एक चाचणी-ड्रिंक करून वजन घ्या. ओटा उंच असेल तर पायाखालच्या चटईखाली घालायला काही मिळतं का बघा. खांद्याच्या वर कोपर गेलं की ओतण्याचा अंदाज चुकतो. बाटल्यांची लेबलं परीक्षकांकडे वळवा. पांढरे फडके दोन: एक हातासाठी, एक फक्त काचेसाठी. ग्लास नेहमी दांड्याला किंवा तळाला धरा, काठाला बोट लागलं की गुण गेले.

ग्लास फुटला किंवा बर्फात काच पडल्याचा नुसता संशय आला, तरी तो सगळा बर्फ ओतून द्या आणि मोठ्याने तसं सांगा. वेळ जाईल, पण तंत्राच्या रकान्यात तो निर्णय वाचला जातो. एखादा घटक विसरलात आणि ड्रिंक अजून गाळलेलं नसेल तर घालून पुन्हा चार सेकंद शेक करा. गाळून झालं असेल तर वरून काही ओतू नका. मागे पडलात तर सजावट साधी करा, माप कधीच नाही.

निकालानंतर गुणपत्रिका मिळते का विचारा आणि त्याच रात्री वहीत तीन आकडे लिहा: लागलेला वेळ, चाचणी-ड्रिंकमध्ये मिसळलेलं पाणी आणि चवीचे गुण. पुढच्या वर्षीची नियमपुस्तिका आली की पहिलं पान उलटायच्या आधी ही वही उघडायची.